यादी खिशात ठेव, आहाजापासून सुरुवात कर

प्रिय पोरी,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. नाताळात तरुण संघापुढे येशूच्या देवत्वावर बोलायचं म्हणून बायबलच्या जुन्या करारातून, त्याच्याविषयीची भाकितं म्हणून, बावीस वचनं काढलीस, प्रत्येकापुढे नव्या करारातली जागा लिहिलीस. मेहनत दिसते. पण तुझ्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, मैत्रिणीनं यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 7:14 वर बोट ठेवून "हे तुमच्या येशूबद्दल नाहीच" म्हटलं आणि तू गप्प झालीस. आता तिला गप्प करील असं उत्तर तुला माझ्याकडून हवंय. ते मिळणार नाही, कारण तिचं निम्मं म्हणणं बरोबर आहे.

सातवा अध्याय पहिल्या ओळीपासून वाच. इसवी सनापूर्वी 735 च्या आसपासची गोष्ट. अरामचा रसीन आणि इस्राएलचा पेकह, दोघे मिळून यरुशलेमेवर चालून आलेत. यहूदाच्या आहाज राजाचं काळीज रानातल्या झाडांसारखं लटलटतंय. त्याला यशया सांगतो, एका तरुणीला मुलगा होईल, त्याचं नाव इम्मानुएल. त्या पोराला बरंवाईट कळायच्या आत या दोन राजांचे देश ओस पडतील. 732 मध्ये अश्शूरनं दिमिष्क घेतलंसुद्धा. सातशे वर्षांनी जन्मणाऱ्या बाळाची खूण त्या घाबरलेल्या राजाच्या काय कामाची?

शब्दाचंही तसंच. हिब्रूत 'अल्मा' आहे, म्हणजे लग्नाच्या वयाची मुलगी. कुमारीसाठी जास्त नेमका 'बेतुला' हा शब्द होता, तो इथे नाही. ख्रिस्तापूर्वी यहुद्यांनीच केलेल्या ग्रीक भाषांतरात 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, असं आलं आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयानं येशूच्या जन्मकथेत ते घेतलं. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरच्या संवादात ट्रिफो नावाचा यहुदी याच शब्दावर अडून बसतो. तुझी मैत्रीण काही नवीन बोललेली नाही.

मग मत्तय चुकला का? मला तसं वाटत नाही. दुसऱ्या अध्यायात तो होशेय संदेष्ट्याचं वचन घेतो, मिसरातून मी माझ्या मुलाला बोलावलं. होशेय तिथे पुढचं काही सांगतच नाही; तो मागे वळून निर्गमाकडे, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेकडे, बघतोय, आणि तो मुलगा म्हणजे इस्राएल. हे मत्तयाला ठाऊक नसेल असं कसं म्हणायचं? वाचणाऱ्यांनाही ते वचन तोंडपाठ. "पूर्ण झाले" या त्याच्या शब्दात भरण्याचा अर्थ आहे, भांडं काठोकाठ भरावं तसा. आधी येशू भेटला, मग जुन्या गुंडाळ्या पुन्हा उघडल्या गेल्या. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना येशू भेटला, तेव्हा तरी दुसरं काय झालं?

तुझ्या यादीची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. 'मसीहा' सिद्ध झाला की 'देव' आपोआप सिद्ध होतो, असं तू धरून चाललीस. मसीहाचा मूळ हिब्रू शब्द माशियाख, म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. शौल, दावीद, याजक, सगळे अभिषिक्तच. यशया 45:1 मध्ये तर पारसचा राजा कोरेश देवाचा अभिषिक्त आहे, ज्याला इस्राएलचा देव ठाऊकही नव्हता! मृत समुद्राकाठच्या कुमरानचे यहुदी लोक दोन अभिषिक्तांची वाट बघत होते, एक याजकवंशाचा, एक राजवंशाचा. यांत देव कोणीच नव्हे.

आता तोच 45 वा अध्याय शेवटपर्यंत वाच. तेविसाव्या वचनात परमेश्वर स्वतःची शपथ वाहून म्हणतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढेच टेकेल. दुसरा देव नाही, हे त्या अध्यायात पुन्हा पुन्हा बजावलंय. आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल हेच गुडघे येशूच्या नावापुढे टेकवतो. करिंथकरांस पहिल्या पत्रात, 8:6 मध्ये, तो शेमाच, म्हणजे परमेश्वर एकच ही यहुद्यांची कबुलीच, उलगडतो: एकच देव, पिता, आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त. क्रुसानंतर जेमतेम 25 वर्षांत, परूश्यांत, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथात, वाढलेल्या माणसानं हे लिहिलंय. येशूचं देवत्व शब्दांत मांडणारी चर्चची नायसियाची परिषद 325 ची; तिथले शब्द नंतरचे, गुडघे आधीच टेकले होते. येशूच्या देवत्वाविषयी बोलायचं तर इथून बोल. तुझ्या मैत्रिणीला ते पटणार नाही. ज्या अध्यायात दुसरा देव नाही म्हटलंय, त्याच अध्यायातून दुसऱ्याला देवाची जागा दिली, असं ती म्हणेल. हा तिचा आक्षेप खरा आहे, शब्दावरून ओढाताण करण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि तो पूर्ण ऐकून घे.

तुझ्या वयाचा असताना मीही अशीच यादी घेऊन एका म्हाताऱ्या बेने इस्राएल शिक्षकांकडे गेलो होतो. प्रत्येक वचनावर ते एवढंच म्हणत, "पुढची ओळ वाच." चौथ्या वचनाला मी यादी खिशात घातली. मग चहा आला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मुंबईत मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, आमच्या बेने इस्राएल लोकांनी हिब्रू शिकून घेतलं आणि यहुदीच राहिले, हे सांगताना ते मनापासून हसले होते.

तिच्या घरी मलिद्याचा विधी असेल तेव्हा जा. पोहे, खोबरं, साखर, फळं, आणि एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, नाव. जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी ज्याच्या येण्याचं वचन आहे तोच हा एलीया. आपण म्हणतो तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपानं येऊन गेला, ते म्हणतात यायचाय. त्याच्याकडे काय मागता, ते तिला विचार.

बावीसमधली एकवीस वचनं खोड. मसुदा रविवारपर्यंत पाठव, आणि या खेपेस अक्षर जरा मोठं काढ, माझा चष्मा जुना झालाय.

तुझा,
सर