घोडीचा मागचा पाय सकाळी आखडतो: डाग, बिब्बा की आणखी काही?

प्रश्न : शहादा तालुक्यातील एक शेतकरी विचारतात – माझी बारा वर्षांची काठेवाडी घोडी आहे. लग्नसराईत वरातीला जाते, नाचकामही शिकवलेले आहे. अलीकडे सकाळी दावणीवरून सोडली की मागचा डावा पाय आखडून टाकते, थोडी चालली की मोकळी होते. सांध्याच्या आतल्या अंगाला कडक गाठ लागते. गावात कोणी डाग द्यायला सांगतो, कोणी बिब्बा लावायला. मेडिकलमधून आणलेल्या इंजेक्शनने एक-दोन दिवस बरे वाटते. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत, तिथल्या घोडेबाजारात विकून टाकावी, की गाभण करून घरी ठेवावी?

उत्तर : भाऊ, ‘थोडी चालली की मोकळी होते’ हे तुम्ही आवर्जून लिहिले, त्यातच निम्मे निदान आहे. खुरात खिळा बोचला असेल किंवा शिर ताणली असेल, तर चालवल्यावर दुखणे वाढते. चालवल्यावर जो पाय सुटतो, तो बहुधा संधिवाताचा असतो.

मागच्या पायाचा जो कोपरा मागे टोकदार दिसतो तो हॉकचा सांधा. बाहेरून एकच वाटतो, पण आत एकाखाली एक असे चार सांधे आहेत. पाय दुमडण्याचे सुमारे ९० टक्के काम सगळ्यात वरचा सांधा करतो. खालचे दोन जवळजवळ हलत नाहीत, ते धक्के झेलतात. झिजतात बहुतेक वेळा हेच खालचे दोन, आणि झिजलेल्या जागी नवे हाड वाढून आतल्या अंगाला कडक गाठ येते. व्यापारी ज्याला हड्डा म्हणतात तो हाच. झिजलेला सांधा पुन्हा नवा होत नाही. पण खालचे सांधे मुळातच फारसे हलत नसल्याने ते कालांतराने एकमेकांना जुळून गेले, तर दुखणे उतरते आणि घोडी जवळपास सरळ चालू लागते. याला महिने लागतात, कधी वर्षेही, आणि प्रत्येक जनावरात ते घडतेच असे नाही. झीज वरच्या सांध्यात असेल, तर मात्र एवढी आशा धरता येत नाही. म्हणून एक्स-रे काढायलाच हवा. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आधी चौकशी करून घोडी न्या.

तोवर घरी एक गोष्ट पाहा. मागच्या दोन्ही पायांचे जुने नाल काढले की फेकू नका, शेजारी शेजारी ठेवा. दुखऱ्या पायाची घोडी पाय पुरता उचलत नाही, खुराचे टोक जमिनीवर घासत नेते. त्या नालेची पुढची कड झिजून पाते झालेली असते, आणि दुसऱ्या पायाची तशीच जाड राहिलेली दिसते. डॉक्टर तपासताना पाय मिनिटभर दुमडून धरतात आणि सोडल्या सोडल्या दुडकी चालवायला सांगतात. पहिल्या काही पावलांत लंगड वाढले तर संशय बळावतो. मात्र या चाचणीत हॉकच्याही वर असलेला गुडघ्याचा सांधा दुमडला जातो. त्यामुळे तेवढ्यावर निकाल देऊ नये.

आता कारणाकडे येऊ, आणि इथे मी थोडे कडक बोलणार आहे. उभ्या घोड्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. डीजेपुढे घोडी दोन पायांवर उभी केली, की तो सगळा भार मागच्या दोन हॉकवर येतो. खाली डांबर, पायाला लोखंडी नाल, वर नवरदेव, आणि एका मुहूर्ताची वरात संपते न संपते तोच दुसरीची सुपारी. बारा वर्षे हे काही म्हातारपण नव्हे, सांधा कामाने लवकर झिजला आहे. नाचकाम आजपासून बंद. यात मधला मार्ग नाही. पाय सुधारल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यास, हलक्या स्वाराला घेऊन चालत्या चालीने मिरवणूक करता येईल.

मेडिकलच्या इंजेक्शनचे नाव तुम्ही कळवलेले नाही. डायक्लोफिनॅक असेल तर जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही २०२३ मध्ये बंदी आली. ही औषधे दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडे मरतात. घोडीपुरते बोलायचे तर वेदनाशामक कोणतेही असो, ते चिठ्ठीशिवाय आणि दिवसांच्या हिशेबाशिवाय देऊ नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४ च्या पुढे जातो. घाम गळून अंगातले पाणी कमी झालेल्या घोडीला वरातीच्या आधी सुई टोचली तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. फार दिवस दिले तर पोटात व्रण पडतात. शिवाय दुखणे दबले की ती दुखऱ्याच पायावर जोर देऊन नाचते.

डाग आणि बिब्बा दोन्ही नको. कातडी भाजते, आतल्या हाडापर्यंत उपयोगाचे काही पोचत नाही. डागून गुण आलेला मी पाहिला, असे सांगणारे भेटतील. तो गुण आला असेलच तर विश्रांतीचा: जखम भरेपर्यंत मालक महिनाभर घोड्याला जुंपत नाही.

उपायांत मी नालबंदाला डॉक्टरांच्या बरोबरीने धरतो. टांगे गेल्यापासून चांगला नालबंद मिळणे अवघड झाले आहे हे खरे, पण पाच-सहा आठवड्यांनी खूर साळून घेणे टाळू नका. खुराचे पुढचे टोक वाढू द्यायचे नाही. नालेची पुढची कड थोडी गोलावून घेतली, तर पाऊल उचलताना सांध्यावर ताण कमी पडतो.

घोडी दिवसभर बांधून ठेवणे हाही मोठा दोष. सकाळ-संध्याकाळ सरळ वाटेने, मऊ जमिनीवर, चालत्या चालीने फिरवा. गाडीरस्ता चालेल. तापीची खोल वाळू नको, डांबर नको आणि दोरीला धरून छोट्या गोलात पळवणे तर मुळीच नको. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात पाय रुतून ओढले जातात, तेव्हा मुरमाची जागा शोधा. वजन उतरवा. ३५० किलोच्या घोडीला दिवसाला सात-आठ किलो सुका चारा पुरतो. काम नसताना हरभऱ्याची चंदी, म्हणजे खुराक, पूर्वीसारखीच चालू ठेवली, तर चरबी चढते आणि खुरांचा दाह होण्याचा धोका वाढतो. चंदी कमी करा, पाणी नव्हे.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर थेट सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने काही महिने आराम पडू शकतो. पण ते काम निर्जंतुक हातांनी आणि स्वच्छ जागीच व्हायला हवे. सांध्यात जंतू गेले तर घोडी गमावण्याची वेळ येते. ओट्यावर उभी करून कोणाकडूनही टोचून घेऊ नका.

विकण्याबद्दल. दत्तजयंतीच्या यात्रेत सुई टोचून लंगड झाकायचे आणि घोडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची, हे तुमच्या मनात नसावे असे धरून चालतो. विकायचीच तर पायाचे सांगून, एक्स-रे दाखवून विका. भाव पडेल, तो पडू द्या. आणि यात्रेत घोडा घेणाऱ्या इतर वाचकांनी हे ध्यानात ठेवावे: व्यापाऱ्याने चार फेऱ्या मारून तापवलेला घोडा पाहून सौदा करू नका. भल्या पहाटे जा, रात्रभर बांधलेला घोडा तुमच्यासमोर सोडायला लावा आणि त्याची पहिली वीस पावले मागून पाहा. मग पुढून, थोड्या अंतरावर वाकून, दोन्ही हॉकची आतली बाजू ताडून बघा.

गाभण करायला हरकत नाही, पण दोन गोष्टी तपासून. घोडीचे गर्भारपण सुमारे अकरा महिन्यांचे, आणि शेवटच्या तीन महिन्यांत पोटाचा भार मागच्या पायांनाही जाणवतो. आजच नीट उभी राहत नसेल तर आधी पाय सुधारू द्या. दुसरे म्हणजे ठेवण. बाजूने पाहताना हॉक विळ्यासारखा वाकलेला असेल, किंवा मागून दोन्ही हॉक एकमेकांकडे झुकलेले असतील, तर तो दोष शिंगरात उतरू शकतो. अशा घोडीपासून वंश घेऊ नये. पाय सरळ असतील, तर सरळ पायांचाच घोडा दाखवा. नुसता उंच आणि नाचरा आहे एवढ्यावर भुलू नका.