कोर्टातल्या कामासाठी कायद्याचे आणि डॉक्टरी शब्द शॉर्टहँडमध्ये कसे बसवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शॉर्टहँड मराठी १०० आणि इंग्रजी ८० (मिनिटाला एवढे शब्द) पास आहात, परभणीला राहता, कोर्टात स्टेनो व्हायचंय. पण कायद्याचा किंवा डॉक्टरी शब्द आला की पेन्सिल थांबते. तर या शब्दांच्या वेगळ्या आउटलाइन, म्हणजे शॉर्टहँडमधल्या खुणा, पाठ कराव्या लागतात का?

थोड्याच. पेन्सिल थांबते तिथं निदान आपलं अडलंय हे तरी कळतं. मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात मी चौदा वर्षं स्टेनो आहे आणि जेवढी बोलणी खाल्ली ती सगळी न थांबता झरझर लिहिलेल्या शब्दांपायी.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. धुऱ्यावरून भांडलेल्या दोन भावांचा दावा होता. साहेबांनी इंग्रजीत निकाल सांगितला, त्यात वादी 'पझेशन'मध्ये असल्याचं वाक्य होतं. मी वही समोर ठेवून टाइप केलं 'पोझिशन'. साहेबांनी सहीच्या आधी पान परत पाठवलं, त्या शब्दाभोवती फक्त एक गोल. ताबा कुणाचा एवढ्यावरच दावा उभा होता, आणि माझ्या पानावरून ताबाच गायब! ही जोडी पिटमन या शॉर्टहँड पद्धतीतल्या मुद्दाम वेगळ्या लिहायच्या शब्दांत येते. लातूरला गंजगोलाईजवळ क्लास केला तेव्हा मी ती पाठही केली होती. हाताला वळण लागलं नव्हतं एवढंच.

तेव्हापासून मी शब्द लांब आहे की अवघड आहे ते बघत नाही. चुकला तर वाक्य वाचताना खटकेल का, एवढंच बघते. 'ऑर्गॅनोफॉस्फरस' कितीही वाकडा लिहा, व्यंजनांवरून ओळखू येतो, आणि फवारणीचं औषध पोटात गेल्याची प्रकरणं आपल्याकडे इतकी येतात की तो लवकरच हातात बसतो. पण 'हायपरटेन्शन' आणि 'हायपोटेन्शन'मध्ये वेगासाठी गाळतो तसे स्वर गाळले की फरक उरतो एका बारीक हुकाचा, म्हणजे रेघेच्या टोकाच्या आकडीचा. रक्तदाब वाढलेला असो की पडलेला, वाक्य दोन्हीकडून सरळच वाचलं जातं. तिथं मी स्वर घालतेच, वेग गेला तरी चालेल. अपघात दाव्यांत डावा-उजवा तसाच. 'उजव्या पायाचं टिबिया-फिबुला फ्रॅक्चर, ४० टक्के कायमचं अपंगत्व' यातलं टिबिया कधी चुकत नाही, उजवा चुकतो. म्हणून डावा-उजवा मी सरळ देवनागरीत 'डा' आणि 'उ' असा लिहिते. इंग्रजीतलं 'नॉट' सगळ्यात वाईट. फ्रेजमध्ये, म्हणजे दोन-तीन शब्द जोडून एकत्र लिहिताना, त्याचा नुसता एन-हुक आणि रेघेची अर्धी लांबी उरते. ते निसटलं की साक्षीदार बरोबर उलटं बोललेला असतो.

अशा जोड्यांची एक छोटी वही करा. माझ्या वहीत साठ-सत्तर जोड्या आहेत, त्यापेक्षा जास्त लागल्या नाहीत.

कलमांचं वेगळं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या भारतीय दंड विधानाखालीच (भादंवि) चालू आहेत. शिवीगाळ-मारहाणीच्या प्रकरणात '३२३, ५०४, ५०६ सह ३४' हे आम्हाला झोपेत लिहिता येत होतं. आता तिथं ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५) येतं. एकाच दिवशी दोन्ही ऐकावं लागतं. कलम नेहमी आकड्यात लिहा आणि कंस सोडू नका, ११५(१) म्हणजे वेगळंच काही होतं.

आता आपल्याकडची खास अडचण. पुण्याचं कुठलंही डिक्टेशन पुस्तक घ्या, निजामाच्या राजवटीतले शब्द त्यात नसतात. जमिनीच्या दाव्यात मात्र रोज येतात: सेतवार आणि खासरा पत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदी), मुंतखब, खिदमतमाश (चाकरीबद्दलचं इनाम). १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याचं ३८-ई प्रमाणपत्रही (कुळाला मालकी मिळाल्याचं) येतं. मी एकदा 'सेतवारप्रमाणे'चं 'शेतावरप्रमाणे' केलं होतं. आउटलाइन बरोबर होती, मी ऐकलंच तसं होतं. माहीत नसलेला शब्द कान ओळखीच्या शब्दात बदलून टाकतो आणि हात इमानदारीने तेच लिहितो. म्हणून आधी एखाद्या जुन्या वकिलाकडं नाहीतर तलाठ्याकडं बसून ही कागदं डोळ्यांनी बघा. मुंतखब म्हणजे इनामाचा कागद हे कळल्यावर तो शब्द परत चुकत नाही. डॉक्टरी शब्दांचंही तेच. '-एक्टमी' म्हणजे काढून टाकणं, '-ऑस्टमी' म्हणजे तोंड करून ठेवणं, '-ऑटमी' म्हणजे नुसती चीर. अर्थ माहीत असला की कानाला फरक ऐकू येतो.

सरावाला ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर जिल्हा न्यायालयांचे निकाल फुकट मिळतात. त्यातला खुनाचा एखादा निकाल काढा, डॉक्टरांची साक्ष जिथं येते तेवढाच परिच्छेद घरच्या कुणाकडून मोबाइलवर वाचून घ्या. वेग तुमच्या पास झालेल्यापेक्षा वीसने कमी ठेवा. लिहिलेलं त्याच दिवशी वाचू नका, दोन दिवसांनी वाचा. ताज्या वहीतलं आपण वाचत नसतो, आठवत असतो.

दवाखान्यातल्या नोकरीवर फार भिस्त ठेवू नका, तिथं आता शॉर्टहँडचं काम कमीच. कोर्टातही साक्षी बऱ्याचदा थेट संगणकावर टाइप होतात. वही खरी लागते ती निकालाच्या डिक्टेशनला.

आणि बॉलपेनने लिहीत असाल तर आजच सोडा. पिटमनमध्ये प आणि ब एकच रेघ, एक बारीक आणि एक जाड. बॉलपेनला दोन्ही सारख्याच. एचबी पेन्सिल घ्या, दोन टोकं करून ठेवा, एक मोडलं तर दुसरं.