तुम्ही विचारलंत: मुलीच्या शाळेच्या रोबोटसाठी दोरी घ्यायचीय. डायनीमा (शिडाच्या बोटींवर वापरतात ती अतिमजबूत कृत्रिम दोरी) स्पर्धेच्या नियमात बसते का, की नायलॉनच घ्यावी?

डायनीमा हा शब्द वाचला आणि 2017 आठवलं, म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथे नुसता वाचायला येतो.

त्या वर्षी फर्स्ट रोबोटिक्सचा, म्हणजे शाळकरी पोरांच्या रोबोट स्पर्धेचा, गेम होता स्टीमवर्क्स. शेवटच्या 30 सेकंदांत वरून दोर खाली सोडायचे आणि रोबोटने दोर धरून वर चढायचं, चढला की 50 पॉइंट. दोर टीमने स्वतःचा आणला तरी चालायचा, सगळी भानगड तिथेच. आम्ही अमेरिकेत मिशिगनला, मुलगा टीममध्ये, आणि मी मेंटॉर का तर शनिवारी मोकळा सापडलो. दुसरे एक मेंटॉर होते, पुण्याचेच, त्यांना शिडाच्या बोटींचा नाद, त्यामुळे डायनीमाशिवाय गोष्ट नाही. स्टीलपेक्षा मजबूत, इतके टन पेलते वगैरे. अहो पण रोबोट बंपर-बॅटरीसकट सत्तर किलोच्या आसपास, त्याला टन कशाला हवेत? साधी नायलॉनची दोरी तेवढं हसत उचलते. अडचण ताकदीची नव्हतीच, पकडीची होती. दोर खालून मोकळा लोंबतो, रोबोटवरच्या फिरत्या ड्रमने त्याचा पहिला वेढा घ्यायचा, आणि डायनीमा म्हणजे साबण फासल्यासारखी गुळगुळीत. ड्रम गरगर फिरतोय आणि दोर आहे तिथेच.

यावर गृहस्थांनी काय करावं? दोराच्या खालच्या दीड फुटाला लिक्विड रबर फासलं. मी तेव्हाच म्हटलं, नियमात स्पष्ट लिहिलंय की दोर सगळा लवचिक, बिनधातूच्या तंतूंचा हवा, पिळा, विणा, गाठी मारा, पण तंतूच. फक्त कापलेल्या टोकाचे 4 इंच उसवू नयेत म्हणून बांधायची नाहीतर वितळवायची मुभा. रबर काय तंतू आहे का? तर म्हणे एवढं कोण बघतंय. स्पर्धेत रोबोट तपासणाऱ्या इन्स्पेक्टर बाईंनी नखाने ते रबर खरवडलं, आमच्याकडे बघितलं आणि दोर परत हातात दिला. पोरांची तोंडं बघवत नव्हती.

मग टीममधल्या एका मुलीने नायलॉनच्या तीन बारीक दोऱ्या घेतल्या आणि सरळ तिपेडी वेणी घातली, वीतवीतभर अंतरावर एकेक गाठ. टोकाला मी शिवणाच्या जाड दोऱ्याने आवळून वेढे मारले, आमचे आजोबा कासऱ्याला मारायचे तसे. पहिली गाठ ड्रमच्या खाचेत अडकली आणि रोबोट सुटला वर. गृहस्थ मात्र अजून म्हणतात की तो इन्स्पेक्टरचा आगाऊपणा होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

तर तुमचा प्रश्न. चालते की नाही हे दोरीच्या नावावर नाही, त्या स्पर्धेच्या त्या वर्षीच्या मॅन्युअलवर ठरतं, गेल्या वर्षीचं चाललं म्हणून यंदा चालेल असं धरू नका. व्हेक्स (शाळकरी रोबोटची दुसरी एक स्पर्धा) असेल तर मॅन्युअलमध्ये जाडीची मर्यादाही बघा. दुकानात टोक उसवून बघा, आत तार नाही ना, वर कसलं कोटिंग नाही ना. आणि घेतल्यावर वरून काही फासू नका, एवढं तरी ऐका.

हां, एक कबूल करायला हवं. तुमचा रोबोट दोरीवर चढणार नसेल आणि दोरी आत स्लाइड, म्हणजे सरकता भाग, ओढायला हवी असेल, तर नियमात बसत असल्यास खुशाल डायनीमा घ्या. नायलॉन ताणते, मोटर फिरते आणि स्लाइड मागाहून हलते. फक्त डायनीमाची साधी गाठ सरकून सुटते, दोनतीनदा मारा, शेपूट लांब ठेवा, आणि साधारण 150 अंशांना ती वितळते, त्यामुळे तापलेल्या मोटरला घासू देऊ नका.

हे शेवटचं त्या गृहस्थांना कळवू नका म्हणजे झालं. रबर फासलेला तो तुकडा माझ्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला आहे, ते घरी आले की मी मुद्दाम गॅरेजमधूनच आत नेतो.