कीर्द लिहिली, खतावणी राहिली

“मॅडम, डायरी लिहा म्हणतात सगळे. लिहून बघितलं की. डोकं मोकळं व्हायचं सोडून अजून भरलं. नवं काहीतरी सुचतं म्हणतात, तेही नाही. माझंच काही चुकतंय काय?”

मी बेळगावात समुपदेशनाचं काम करते. हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो. विचारणारे बदलतात, कधी उद्यमबागेतला फोरमन, कधी खानापूरकडची शिक्षिका. यावेळी विचारणाऱ्या वडगावच्या एक ताई होत्या. त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असं सगळं बदलून लिहितेय.

वय ४१, बी.कॉम. झालेल्या. घराच्या पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग. नवरा माग बघतो, ताई कांड्या भरतात आणि लग्न होऊन आल्यापासून जमाखर्चाची वही त्यांच्याकडे. सासरे अंथरुणाला खिळलेले, मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला), दिरांना घराची वाटणी हवी. सुताचा भाव चढला की हातात मजुरीसुद्धा सुटत नाही. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच, आणि मग डोकं सुरू. “माग निदान लाईट गेली की थांबतो,” त्या म्हणाल्या. आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घेतलं. तिथे काही सापडलं नाही. मग आम्ही दोघी बसलो.

टिळकवाडीत रेल्वे गेटाजवळ माझी खोली आहे. गाडी जाते तेव्हा बोलणं थांबवावं लागतं. त्या थांबण्यात त्यांनी पिशवीतून डायरी काढली. कुठल्याशा पतसंस्थेकडून भेट आलेली, सोनेरी कडेची. चार पानं भरलेली, पुढची कोरी. पहिलं पान त्यांनी मला वाचू दिलं. “आज मन अतिशय खिन्न आहे. जीवन हे संघर्षाचेच दुसरे नाव आहे.”

दहावीच्या निबंधाला दहापैकी आठ सहज पडले असते.

“हे कुणाला सांगताय?”

“कुणाला म्हणजे? डायरीत असंच लिहितात की.”

“पहाटे तीनला डोक्यात हेच येतं?”

त्या हसल्या. मग मी म्हटलं, तीनला जे चालतं ते जसंच्या तसं म्हणून दाखवा. जरा आढेवेढे घेतले आणि म्हणाल्या, “दमलो मी. कुणाकुणाचं बघू? सगळे मलाच बोलालेत. काय करालोय मलाच कळंना झालंय. साकागेती.”

बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ‘साकागेती’ म्हणजे कन्नडमध्ये ‘पुरे झालं’. ‘दमलो मी’ म्हणणारी बाईच आहे, पुरुष नव्हे. आमच्याकडे घरात बायका ‘मी आलो, मी गेलो’ सर्रास म्हणतात. शाळेत बाई त्यावर लाल रेघ मारायच्या. ती रेघ कायमची डोक्यात बसलेली असते, त्यामुळे पेन हातात आलं की आपण शहाण्यासारखं बोलायला लागतो. घरात एक मराठी, बाजारात कन्नड, मुलांच्या अभ्यासाला इंग्रजी, आणि डायरीसाठी कुणीच न बोलणारी चौथी भाषा. मन ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत लिहिलं नाही, तर कागदावर भलतंच कुणीतरी बोलत राहतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची डायरी इथेच अडलेली असते असं माझं मत आहे. ‘मला लिहिता येत नाही’ म्हणणाऱ्यांना खरं म्हणजे निबंध लिहिता येत नसतो, आणि निबंध कुणी मागितलेलाच नसतो.

सोनेरी डायरी ठेवून द्या, म्हटलं. “जमाखर्च कसा लिहिता?”

इथे ताईंचा आवाजच बदलला. कीर्द रोजच्या रोज, व्यवहार झाला तसा, तारखेच्या क्रमाने. चांगलं-वाईट काही न म्हणता. दर आठवड्याला त्यावरून खतावणी, म्हणजे कीर्दीतली प्रत्येक रकम उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर टाकायची. कुठल्या खात्यावर टाकायची ते कळलं नाही तर उचंत खातं. दरवर्षी पाडव्याला नवी वही, पूजा करून.

“मग मनाची कीर्द लिहा. दोनशे पानी साधी वही. रोज पंधरा मिनिटं. जे येईल ते, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. खोडायचं नाही, सुधारायचं नाही.”

त्यांची खरी भीती पुढे निघाली. घर लहान, माणसं सात. कुणी वाचलं तर? मी म्हटलं, जमाखर्चाच्या वह्यांच्या चवडीत ठेवा. “त्या वह्यांना आजवर कुणी हात लावलाय?” “पैसे पाहिजे असले तरी मलाच विचारतात,” ताई म्हणाल्या. प्रश्न मिटला. ज्यांच्याकडे अशी जागा नसते त्यांना मी लिहून झाल्यावर कागद फाडून टाकायला सांगते. लिहिण्याचा फायदा कागद जपण्यावर फारसा अवलंबून नसतो. अर्थात फाडलेल्या कागदाची खतावणी होत नाही.

आता माझी चूक. मी त्यांना रात्री झोपण्यापूर्वी लिहायला सांगितलं. सगळ्यांनाच सांगते, कारण दिवसभर बायकांना सवड नसते. पुढच्या आठवड्यात ताई आल्या त्या डोळे सुजवून. तिसऱ्या रात्री वाटणीचं लिहायला बसल्या. दीर काय बोलले, सासूबाई कशा गप्प राहिल्या, बारा वर्षांपूर्वी कुणी काय म्हटलं होतं, सात पानं झाली. पहाटेपर्यंत झोप नाही. “मॅडम, हे औषध आहे का विष?”

घाबरून सोडून देण्यासारखं ते नव्हतं, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नव्हतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली कॉलेजच्या मुलांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात जड गोष्टीबद्दल लिहायला लावलं होतं. घटना आणि त्याबद्दल काय वाटलं ते, दोन्ही ज्यांनी लिहिलं त्यांना लिहून उठल्या उठल्या जास्त वाईट वाटत होतं. पण पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. तेव्हा लगेच वाईट वाटणं हा बिघाड नाही. मात्र हेही सांगायला हवं, की नंतर असे १४६ अभ्यास २००६ साली एकत्र तपासले गेले तेव्हा फायदा दिसला खरा, पण छोटा. डायरीने आयुष्य पालटतं असं कुणी सांगत असेल तर त्याला पतसंस्थेच्या डायऱ्या खपवायच्या असतील.

जखमेचं लिखाण आम्ही दुपारी हलवलं, जेवणानंतर माग बंद असतो त्या वेळेत. गजर लावून पंधरा मिनिटं, मग उठून तोंड धुवायचं आणि कांड्या भरायला बसायचं. रात्री फक्त पाच मिनिटं, आणि त्यात फक्त उद्याची कामं. ‘सासऱ्यांची गोळी संपली. मुलाची फी. सुतवाल्याला फोन.’ अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातला २०१८ सालचा एक छोटा प्रयोग आहे. ५७ तरुणांपैकी निम्म्यांनी झोपताना पाच मिनिटं पुढची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं. पुढची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले. नऊ मिनिटं म्हणजे फार नाही. पण पहाटे तीनला सुतवाल्याला फोन करायचा राहिलाय हे आठवून छाती धडधडत असेल, तर ते आधीच कागदावर असलेलं बरं. अर्धवट राहिलेलं काम डोकं सोडत नाही. ते कुठेतरी नोंदलं गेलंय एवढी खात्री त्याला लागते.

दुसऱ्या आठवड्यापासून तीनची जाग आठवड्यातून चार दिवसांवर आली. सुटली नाही, कमी झाली.

पण ताईंचा दुसरा प्रश्न तसाच होता. “मोकळं वाटतं दुपारपुरतं. पण पुढे काय? सुचत तर काहीच नाही.”

म्हटलं, कीर्द लिहिली, खतावणी कुठे केलीत?

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. वीस वर्षं वही सांभाळणाऱ्या बाईला हे मी सांगावं याचा त्यांना थोडा रागही आला असावा. नुसती कीर्द लिहून कुठला धंदा कळतो? कुणाकडून किती येणं, कुणाचं किती देणं, हे खात्यावर टाकल्याशिवाय दिसत नाही. लोक डायरीत वर्षानुवर्षं तीच कीर्द लिहितात आणि म्हणतात गुंता वाढला. तो वाढणारच. पेनबेकर यांच्या पुढच्या कामात असं दिसलं होतं, की ज्यांना लिहून जास्त बरं वाटलं त्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘लक्षात आलं’ असे शब्द वाढत गेले. पहिल्या दिवशीचं रडगाणं चौथ्या दिवशीही तसंच लिहिणाऱ्यांना तेवढा उपयोग झाला नाही.

मग रविवारी एक तास. आठवड्याची पानं वाचायची, आणि मागच्या बाजूला खाती पाडायची. ताईंनी पाडली: सासरे, मुलगा, माग, वाटणी. पाचवं ‘मी’. हे त्यांनी माझ्या सांगण्यावरून पाडलं, आणि पहिले दोन रविवार तिथे एकही नोंद पडली नाही. त्याबद्दल मी काही बोलले नाही. कोरं खातं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं वाचता येत होतं.

तिसऱ्या रविवारी एक खातं नव्यानेच उघडावं लागलं, असं त्या सांगत आल्या. ‘शेजार’. तीन आठवड्यांत अकरा नोंदी, सगळ्या तक्रारीच्या. ‘आज परत शेजारच्या मावशी बिल घेऊन आल्या.’ ‘बँकेचं पत्र कन्नडमध्ये आलंय, वाचून दे म्हणाले, स्वयंपाक राहिला.’ ‘जीएसटीची नोटीस. मी काय सगळ्या गल्लीची कारकून?’ आमच्या भागात जुनी माणसं मराठी शाळेत शिकलेली, सरकारी कागद कन्नडमध्ये. ताईंना दोन्ही वाचता येतं, हिशेब कळतो, चिडचिड करत का होईना कुणाला परत पाठवत नाहीत.

“अकरा वेळा,” त्या म्हणाल्या. “मी मोजलंच नव्हतं कधी.” मग थोड्या वेळाने, “एका वेळचा अर्धा तास धरला तर...” आणि बोटांवर हिशेब सुरू झाला. मी गप्प बसले. बाहेरून गाडी गेली तरी त्यांचा हिशेब थांबला नाही.

सुचणं म्हणजे काहीतरी आकाशातून पडणं, असं लोकांना वाटतं. माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा तक्रारीतच दडलेलं असतं, फक्त एकेकटी तक्रार वाचून दिसत नाही. अकरा एका खात्यावर आल्या की दिसते.

आता ताई सहा घरांचा जमाखर्च आणि कागदपत्रं बघतात, घरटी महिन्याला चारशे रुपये. पैसे मागायला जीभ रेटत नव्हती. त्याचीच दोन आठवडे कीर्द झाली. मावशी पहिल्यांदा रुसल्या, मग एक दिवस स्वतःच पैसे आणि वाटीभर कुंदा घेऊन आल्या. माग तसेच आहेत, सुताचा भावही. वाटणीचं अजून मिटलेलं नाही, आणि ते वहीत मिटणारही नाही. त्याला वकील लागेल, आणि दीर-भावजयीला समोरासमोर बसावं लागेल.

एक सांगायचं राहिलं. लिहिताना सारखा मरणाचा विचार येत असेल, किंवा जुना आघात पुन्हा अंगावर धावून येत असेल, तर वही बंद करा आणि माणसाशी बोला. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत आणि कन्नडमध्येही. ती वेळ डायरीची नसते.

शेवटच्या भेटीत ताईंनी वही आणली होती. मी मागितली नव्हती. ‘मी’च्या खात्यावर सात-आठ ओळी जमल्या होत्या, त्या त्यांनी अभिमानाने वाचून दाखवल्या. एक ओळ शुद्ध मराठीत होती आणि ती वाचताना दोघींनाही हसू आलं. मग शेवटचं पान उलटलं. उचंत खातं. तिथे एकच ओळ होती, पहिल्या आठवड्यातली. त्यावर त्यांनी तळहात ठेवला.

“हे कुठल्या खात्यावर टाकायचं कळलं नाही अजून,” त्या म्हणाल्या. “राहू दे. पाडव्याला नव्या वहीत ओढतो.”