मॅडम, गेम खेळून डोकं कामातनं गेलंय का?

विक्रोळीच्या एक ताई माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या, मुलगा दहावीत (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). बसल्या बसल्या पहिला प्रश्न, मॅडम याचा एमआरआय काढू का, सारखं ते बीजीएमआय (मोबाईलवरचा मारामारीचा ऑनलाइन गेम), पाठ केलेलं डोक्यात राहत नाही आणि जेवायला हाक मारली तर अंगावर येतो.

म्हटलं ताई, पैसे वाचवा, एकट्या मुलाच्या एमआरआयवरून असलं काही ओळखता येत नाही. मेंदूवर परिणाम होतोच, खेळताना डोपामिन, म्हणजे 'अजून हवं' वाटायला लावणारं मेंदूतलं रसायन, वाढतं हे १९९८ मध्येच लंडनला स्कॅन करून बघितलंय. पण बर्लिनच्या २०१४ च्या अभ्यासात मोठ्या माणसांनी दोन महिने रोज अर्धा तास सुपर मारिओ खेळल्यावर हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी आणि रस्ते लक्षात ठेवणारा भाग, वाढलेला दिसला. म्हणजे सरसकट विष नाही. फक्त 'बस आता' म्हणायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, त्यामुळे या वयात थांबणं खरंच जड जातं.

मग पोराला म्हटलं, दाखव कसं खेळतोस. तिथे खरी गोष्ट कळली. चौघांचा स्क्वाड म्हणजे टीम, कॉल देणारा, म्हणजे कुठे जायचं काय करायचं सांगणारा हाच, मॅच जवळपास अर्ध्या तासाची आणि मध्ये पॉज नाही. आईची हाक नेमकी शेवटच्या झोनला, म्हणजे मॅच संपत आलेली असताना, उठला तर बाकीचे तिघं शिव्या घालणार! त्यात घर वन रूम किचन, बाबा दहाला येणार, जेवण, मग बातम्या, सगळे झोपले की बारा ते दोन हाच त्याचा स्वतःचा वेळ, आणि सकाळी सातची शाळा. चार तास झोप. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, त्यामुळे चिडचिड काय आणि विसरणं काय, मला तरी गेमपेक्षा झोपेचंच जास्त वाटलं.

डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यासाठी ताबा सुटलेला, बाकी सगळं मागे पडलेलं, नुकसान होऊनही खेळणं चालू, असं साधारण वर्षभर दिसावं लागतं. हा क्लासला जात होता, रविवारी मैदानातही. शाळाच सुटली, घरातले पैसे गुपचूप गेममध्ये जायला लागले, तर मात्र सायकियाट्रिस्टकडे जा, निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.

ठरलं असं की आईने मॅच सुरू व्हायच्या आधीच विचारायचं, मध्ये हाक नाही. साडेदहाला फोन आईकडे आणि टीव्हीपण बंद, बदल्यात शनिवार दुपार त्याची. महिन्याभरात चिडचिड बरीच उतरली, गेम चालूच आहे. बाबा अजून म्हणतात मॅडमनीच परवानगी दिली, आणि त्यांचा टीव्ही काही साडेदहाला बंद होत नाही.