टेबलटॉप रोलप्लेइंग गेमसाठी स्पेसशिपचा डेकप्लॅन काढताना कोणत्या चुका टाळाव्यात?

तुम्ही म्हणता, पाच खेळाडूंसाठी मालवाहू जहाजाचा डेकप्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, काढतोय, बाहेरचा आकार मस्त जमलाय, दोन डेकही झालेत, पण आतल्या खोल्या खोट्या वाटतात आणि नेमकं काय चुकतंय ते कळत नाही. आकार आधी काढलात, तिथेच गाडी घसरली. एकदा का पंख पसरलेलं ते देखणं चित्र मनात बसलं, की पुढचं सगळं काम म्हणजे उरलेल्या पोकळीत खोल्या कोंबणं. मग निमुळत्या टोकात कॅप्टनची केबिन येते आणि तिचा पलंग हलच्या, म्हणजे जहाजाच्या कवचाच्या, बाहेर निघतो. मी दिवसभर इमारतींचे प्लॅन काढतो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांसाठी गेम चालवतो. दोन्हीकडे मी आधी आतली माणसं चालवून बघतो, बाहेरचं कवच शेवटी चढवतो.

पहिली रेघ मारण्याआधी ठरवा, ‘खाली’ म्हणजे कुठे. तुमच्या जगात कृत्रिम गुरुत्वाकर्षण नसेल, तर वजन जाणवणार ते फक्त इंजिन चालू असताना आणि इंजिनाच्याच दिशेने. म्हणजे डेक जहाजाच्या लांबीला आडवे येतात, टॉवरच्या मजल्यांसारखे एकावर एक. तळाला इंजिन, माथ्यावर ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली. अशा जगात विमानासारखे लांबलचक डेक काढलेत, तर इंजिन पेटताच सगळे मागच्या भिंतीवर जाऊन आदळतील. जहाज फिरवून वजन आणायचं असेल तर त्रिज्येचं गणित करा. मिनिटाला दोन फेऱ्यांत पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर सुमारे २२४ मीटर त्रिज्या लागते. चार फेऱ्यांत ५६ मीटर पुरतात, पण त्या वेगात सवय नसलेल्याला मान वळवली तरी गरगरतं. आठ मीटरचा ड्रम चित्रात छान दिसतो, प्रत्यक्षात डोक्याला आणि पायाला जाणवणाऱ्या ओढीतच मोठा फरक पडतो. डेकखाली गुरुत्वाकर्षणाच्या प्लेट्स आहेत असं सरळ जाहीर केलंत तरी माझी हरकत नाही. फक्त इंजिन चालू असताना प्लेट्सची वीज गेली, तर कोणता कॉरिडॉर क्षणात उभा शाफ्ट होतो हे तुम्हाला आधीपासून माहीत हवं. खेळाडू विचारणारच.

मग येतं घनफळ. १९७७ साली आलेल्या ट्रॅव्हलर या गेमची एक युक्ती, तुम्ही दुसरा कुठलाही गेम खेळत असलात तरी, जरूर उचला. तिथे जहाजाचा ‘टन’ वजनाचा नसतो, जागेचा असतो. एक टन द्रव हायड्रोजन जितकी जागा व्यापतो तितकी, म्हणजे सुमारे १४ घनमीटर. नकाशावर हे झाले दीड मीटर बाजूचे दोन चौकोन, छत तीन मीटरवर धरून. तेव्हा २०० टनांचं जहाज म्हणजे सगळे डेक मिळून ४०० चौकोन. आता तुमचे चौकोन मोजा. हौशी नकाशांत हा आकडा सर्रास फुगलेला निघतो, आणि खोल्या खोट्या वाटण्याचं निम्मं कारण तेच असतं. रिकाम्या सभागृहाएवढी केबिन, त्यात कोपऱ्यात एक पलंग.

तुलनेला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक घ्या. त्याचं हवाबंद घनफळ साधारण १,००० घनमीटर, म्हणजे या मापाने ७० टनांच्या आसपास. तिथे सहसा सात जण राहतात, आणि प्रत्येकाची झोपायची खोली जेमतेम उभ्या कपाटाएवढी असते. त्या मानाने २०० टनांत पाच माणसं ऐसपैस राहतील, पण सगळी जागा माणसांची नसते हेच लोक विसरतात. ट्रॅव्हलरच्या नियमांत एका छोट्या जंपलाही (ताऱ्यांमधल्या उडीलाही) हलच्या दहा टक्के इंधन लागतं. म्हणजे ४० चौकोन नुसती टाकी. द्रव हायड्रोजन भलताच हलका, घनमीटरला सुमारे ७१ किलो, त्यामुळे तो जागा खातो. टाकी नकाशावर दिसलीच पाहिजे. केबिनला तिथे चार टन धरतात, पण त्यातला काही वाटा कॉरिडॉर आणि सामाईक जागेत जातो. आमच्या धंद्यात बिल्टअप आणि कार्पेटचा जो झगडा चालतो, तोच इथे.

बाहेर रेडिएटर दाखवायला विसरू नका. निर्वात पोकळीत उष्णता बाहेर टाकायला प्रारणाखेरीज मार्ग नाही, म्हणूनच स्थानकावर अमोनिया फिरवणारे ते मोठाले पांढरे पॅनेल लावलेत.

आता ज्या चुकीने मी सगळ्यात जास्त वैतागतो ती. वरच्या डेकवर शिडी डावीकडे, खालच्या डेकवर तीच शिडी कार्गोच्या मधोमध. लिफ्टचा शाफ्ट एका मजल्यावर दोन चौकोनांचा, दुसऱ्यावर गायब. हे टाळायचा उपाय अगदी जुना आहे: ट्रेसिंग पेपर. खालचा डेक काढा, वर कागद ठेवा, आणि शिडी, शाफ्ट, डक्ट, एअरलॉक (बाहेरच्या पोकळीत जायचा दोन दारांचा कप्पा), इंजिनाचे वर घुसलेले भाग एवढंच आधी गिरवा. खोल्या नंतर. संगणकावर काढत असाल तर खालचा लेयर फिकट करून चालू ठेवा. आणि जिना काढलात तर त्याचा हिशेब द्या. तीन मीटर चढायला १८ सेंटीमीटरच्या साधारण १७ पायऱ्या येतात, २५ सेंटीमीटरचा पाय ठेवायला धरला तरी चार मीटर लांबी, म्हणजे जवळजवळ तीन चौकोन. तेवढीच जागा वरच्या डेकला छिद्र म्हणून सोडायची. जहाजांत शिडी का असते ते इथे कळतं. शिवाय दोन डेकच्या मध्ये पाइप, वायर आणि हवेचे डक्ट जायला जाडी लागते. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर जात नाही, पंखा बंद पडला तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याच्याच उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचत राहतो. म्हणजे डक्ट ही फक्त खेळाडूंनी सरपटायची सोय नव्हे, प्रत्येक केबिनला तो पोचायला हवा. हलला गोलाई असेल तर कडेच्या खोल्यांत छत उतरतं. तिथे माणूस उभा करू नका, कपाटं आणि टाक्या टाका.

अरुंद जागेत माणसं कशी राहतात हे बघायचं असेल तर विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर ठेवलेली आयएनएस कुरसुरा पाणबुडी आतून फिरून या. लांबी ९१ मीटर, माणसं ७५ च्या आसपास. टॉर्पेडोच्या शेजारी झोपायचे बर्थ, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल झडप, पाय उचलून वाकून जावं लागतं. पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे एकच वाट. कप्पा बंद केला की पाणी तिथेच अडतं. तुमच्या जहाजात पाण्याच्या जागी पोकळी आहे, एवढाच फरक. तेव्हा दाबाला टिकणारी दारं कुठली आणि साधी सरकती कुठली, हे वेगळ्या खुणांनी दाखवा.

दारांबद्दल अजून थोडं. हवेचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा असतो. एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच दाराच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पोकळी असेल, तर त्यावर वीस टनांचा भार आला. हवेच्या बाजूला उघडणारं दार कोणताही पैलवान ओढू शकत नाही. दाब त्याला घट्ट बसवतो, जे अवकाशात एरवी चांगलंच. पण जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या जमिनीवरच्या चाचणीत आग लागली, आतला दाब चढला, आत उघडणारं झाकण उघडता आलं नाही आणि तिन्ही अंतराळवीर गेले. त्यानंतर झाकण बाहेर उघडणारं केलं. प्रत्येक एअरलॉकपाशी दार कुठे उघडतं याचा बाण काढून ठेवा, ऐन गोंधळात तो उपयोगी पडतो. एअरलॉकच्या आत किंवा जहाजातच त्याला लागून स्पेससूट ठेवायला आणि चढवायला जागा हवी. स्थानकावरच्या क्वेस्ट एअरलॉकमध्ये त्यासाठी वेगळा मोठा कप्पाच आहे.

यानंतर एक खलाशी घ्या आणि त्याला दिवसभर जहाजात फिरवा. उठला, संडासला गेला (काढलाय का संडास?), खाल्लं, ड्यूटीवर गेला, कार्गो तपासला. इंजिनरूमला जायला त्याला प्रवाशांच्या केबिनमधून जावं लागत असेल तर प्लॅन खोडा. कार्गोचं दार कंटेनरपेक्षा लहान आहे का, तेही बघा. ही चूक मी छापील, विकत घेतलेल्या नकाशांतही पाहिली आहे.

खेळासाठी मात्र वास्तवाशी थोडी गद्दारी करावी लागते. कुरसुरासारखी एकच सरळ वाट खरी असली तरी टेबलावर कंटाळवाणी. पुढचा माणूस लढतो, मागचे चौघे फासे हातात घेऊन बसतात. निदान एक वळसा ठेवा: मुख्य कॉरिडॉर आणि त्याला समांतर देखभालीचा बोळ, दोन ठिकाणी जोडलेले. कॉरिडॉर एका चौकोनाचा असला तर शेजारून कोणी जाऊ शकत नाही, दोनचा असला तर अडवता येत नाही. कुठे कोणता हवा ते मुद्दाम ठरवा. भिंती ग्रिडच्या रेषेवरच काढा. अर्ध्या चौकोनातून गेलेली तिरकी भिंत दिसली की ‘मी इथे उभा राहू शकतो का’ यावर अर्धा तास जातो. ब्रिजच्या दारातून सरळ एअरलॉक दिसत असेल तर बंदूकवाला तिथून हलणारच नाही, मध्ये एक वळण टाका.

शेवटी छपाई. मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) वापरणार असाल तर एक चौकोन एक इंच. या मापाने कुरसुराएवढं जहाज पाच फूट लांब येतं, जेवणाच्या टेबलाच्या बाहेर. म्हणून पूर्ण जहाज एका ए-फोरवर नुसतं बघायला द्या आणि जिथे मारामारी होणार ते दोन-तीन भागच इंचाच्या मापात छापा. प्रत्येक तुकड्यावर डेकचं नाव आणि पुढच्या दिशेचा बाण हवा, नाहीतर खेळाडू इंजिनरूम उलटी जोडून ठेवतात.