जासूद, हेर आणि पुण्याच्या जाऊबाई

प्रश्न असा आला आहे: 'आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागात राहतो. आमच्याकडे सासूबाईंपासून नातवंडांपर्यंत सगळे "जासूसी पुस्तक" म्हणतात. पुण्याच्या जाऊबाईंचं म्हणणं, हे हिंदी झालं, मराठीत "गुप्तहेरकथा" म्हणायला हवं. कोणाचं बरोबर?'

जाऊबाईंना आधी विचारा, पेशवे दफ्तरातला 'जासूद' कोण? मराठ्यांच्या पत्रव्यवहारात जासूद आणि जासूदजोड्या जागोजागी भेटतात. छावणीतून पुण्याला पत्रं पोचवायची आणि वाटेत काय पाहिलं, काय कानावर आलं तेही सांगायचं, हे त्यांचं काम. निम्मा टपालवाला, निम्मा हेर. शब्द अरबी 'जासूस'वरून आलेला, आणि त्या धातूचा अर्थ हाताने चाचपून पाहणे. वैद्य नाडी बघतो तसं. म्हणजे तुमचा शब्द हिंदीतून उसना घेतलेला वाटला, तरी त्याचा सख्खा भाऊ पुण्याच्याच दफ्तरात बसलेला आहे.

पण तो मराठीत जुना झाला आणि हिंदी-उर्दूत मात्र पुस्तकांच्या मुखपृष्ठावर चढला. गोपालराम गहमरींनी 1900 मध्ये 'जासूस' नावाचं मासिकच काढलं. 1952 पासून अलाहाबादहून इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' ही उर्दू कादंबरीमाला येऊ लागली. तिकडे मुंबईत बाबुराव अर्नाळकर हजारावर पुस्तकं लिहून गेले, ती सगळी 'रहस्यकथा'. ग्वाल्हेरच्या मराठी घरात पुस्तक आलं ते स्टेशनवरच्या स्टॉलवरून, मग नावही तिथलंच येणार.

आता 'गुप्तहेर'. हेर म्हटलं की तो गुप्त असणारच, मग वर आणखी 'गुप्त' कशाला, अशी एक तक्रार असते. ती मी मनावर घेत नाही. गाईचं गोमूत्र आणि पिवळा पीतांबर चालवणाऱ्या भाषेला हे काय जड आहे! माझी अडचण वेगळी आहे. कौटिल्याचे गूढपुरुष किंवा शिवाजी महाराजांचे बहिर्जी नाईक हे खरे गुप्तहेर. ते राज्यासाठी दुसऱ्याचं गुपित काढतात आणि स्वतः शेवटपर्यंत झाकलेले राहतात. शेरलॉक होम्स तर गुन्हेगाराला बोलावून घ्यायला सरळ वर्तमानपत्रात जाहिरात देतो, आणि शेवटी चारचौघांसमोर सगळं उलगडून सांगतो. त्याच्यात गुप्त ते काय? 'डिटेक्टिव्ह'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही 'वरचं झाकण काढणे' असाच आहे.

बंगाल्यांचीही हीच पंचाईत झालेली दिसते. त्यांचा रूढ शब्द 'गोयेंदा'. तो फारसी, मूळ अर्थ 'बोलणारा', म्हणजे खबर देणारा. त्यांच्या कथांमधला डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्षी, त्याला तो आवडत नाही, 'डिटेक्टिव्ह'ही आवडत नाही. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवतो. महाराष्ट्रात पोलिसांचा 'गुन्हे अन्वेषण विभाग' आहे खरा, पण 'अन्वेषक आले' असं कुणाच्या तोंडून ऐकलंय? सगळे सीआयडीच म्हणतात.

एवढं बोलूनही 'हेर' टाकून द्यावा असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण 'हेरणे'. आपल्याकडच्या बुंदेली बोलीत 'हेरना' म्हणजे नुसतं बघणं, शोधणं. मराठीने तो अर्थ अणकुचीदार केला. गवारीच्या ढिगासमोर आपण दोघे उभे असतो. मी गवार बघतो, आई तेवढ्यात तीन जून शेंगा हेरून बाजूला काढते आणि भाजीवाल्याला दाखवते. ढीग तोच, डोळे दोघांना दोनच. होम्स वॉटसनला विचारतो, घराच्या जिन्याला पायऱ्या किती? शेकडो वेळा चढून-उतरूनही वॉटसनला सांगता येत नाही. सतरा. वॉटसनने पायऱ्या पाहिल्या होत्या, हेरल्या नव्हत्या.

या पुस्तकांची गोडी सुटत नाही ती मला वाटतं इथेच. खुनाची तशी फारशी कुणाला पडलेली नसते. खुणेची ओळ चाळिसाव्या पानावर आपल्या नजरेखालून गेलेली असते, आणि दोनशेव्या पानावर कळतं की आपण वॉटसन निघालो. मी तरी शेवटचं प्रकरण संपलं की उलटा जाऊन ती ओळ शोधतो. सापडली की लेखकाला मनातल्या मनात मुजरा; नाहीच सापडली, तर त्याचं पुढचं पुस्तक घेत नाही.

जाता जाता 'माग काढणे' विसरू नका. 'माग' हा 'मार्ग'चाच लेक. गावात चोरी झाली की जागल्या, म्हणजे गावचा राखणदार, पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जाई. तिथून पुढे तो दाखवून देणं शेजारच्या गावाच्या गळ्यात. आणि इंग्रजी 'क्लू' म्हणजे मुळात सुताचा गुंडा. आपण 'धागेदोरे' म्हणतो तेव्हा वेगळं काय म्हणतो?

तर लिहिताना पुस्तकाला 'रहस्यकथा', माणसाला 'डिटेक्टिव्ह' आणि त्याच्या कामाला 'तपास' म्हणावं. जिथे दोन देशांचा मामला असेल तिथेच 'हेरकथा'. बोलताना सासूबाईंना खुशाल 'जासूसी' म्हणू द्या. फक्त मराठीत लिहायची वेळ आली, तर शेवटचं अक्षर दीर्घ असल्यामुळे आधीचा उकार ऱ्हस्व होतो: जासूस, पण जासुसी. जाऊबाईंनी ही चूक काढली, तर मात्र मुकाट्याने मान्य करा.